कूक यांचा ग्रंथ आणि भंडारदऱ्याची पांढरी लिली

पहिल्या पावसानंतर भंडारदऱ्याच्या माळावर सहा पाकळ्यांची पांढरी फुले दिसू लागतात. सहलीतली मुले विचारतात, ही लिली कोणती? शिक्षकांना आम्ही थिओडोर कूक यांचा 'फ्लोरा ऑफ द प्रेसिडेन्सी ऑफ बॉम्बे' सुचवतो; पण तो डोळे मिटून वापरू नये, असेही सांगतो.

कूक हे पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राचार्य होते. भारतातून निवृत्त झाल्यावर त्यांनी इंग्लंडमधील क्यू येथे हा ग्रंथ लिहिला. तो १९०१ ते १९०८ या काळात भागाभागाने प्रसिद्ध झाला.

ग्रंथाचा मोठा गुण म्हणजे तो फुलाच्या रंगावर थांबू देत नाही. बीजांडकोश पाकळ्यांच्या वर आहे की खाली, हे तो आधी पाहायला लावतो. रानकांद्याचा बीजांडकोश वर असतो. क्रायनम आणि पँक्रेशियम यांचा खाली. मग पुंकेसर पाहावेत. क्रायनममध्ये ते सुटे असतात. पँक्रेशियममध्ये त्यांचे तळ जुळून पातळ पांढरी वाटी तयार होते. रंगीत छायाचित्रांच्या पुस्तकांत फूल बहुधा समोरून टिपलेले असते, त्यामुळे खालचा बीजांडकोश दिसतच नाही.

आमचे आक्षेप तीन आहेत. पहिला, कुळांची मांडणी जुनी झाली आहे. रानकांदा तेथे लिलीच्या कुळात आहे. आज तो शतावरीच्या कुळात गणला जातो. भंडारदऱ्याची पांढरी 'लिली'ही खऱ्या लिलीच्या कुळातली नाही.

दुसरा, बागेतली अमेरिकन स्पायडर लिली. तिलाही पँक्रेशियमसारखीच वाटी असते. केवळ वाटी पाहून रानफुलाला बागेतून पळालेले ठरवणे, किंवा उलट, दोन्ही सोपे आहे. निवाडा बियांवर होतो. पँक्रेशियमची बी काळी व कोरडी असते, स्पायडर लिलीची हिरवी व मांसल. म्हणजे फुलानंतर काही आठवड्यांनी पुन्हा तेथे जायला हवे.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर. वर्णन कांद्यापासून सुरू होते, आणि वाचकाचा हात कुदळीकडे जातो. वनस्पतिसंग्रहासाठी ते ठीक होते. शाळेच्या सहलीसाठी नाही. कांदा म्हणजे झाडाची अनेक पावसाळ्यांची शिल्लक. तो उपटला की पुढच्या वर्षी तेथे फूल नाही. शिवाय उपटूनही काम पुरे होत नाही. रानकांदा उन्हाळ्यात बिनपानाच्या दांड्यावर फुलतो, आणि पावसात त्याची फक्त पाने दिसतात. त्याच्या कांद्यात हृदयावर परिणाम करणारी विषारी द्रव्येही असतात. मुलांनी तो चाखणे धोक्याचे आहे.

म्हणून आमची सूचना अशी: ग्रंथ वापरा, पण उलट क्रमाने. आधी फूल, मग पाने, शेवटी बी. कांदा जमिनीतच राहू द्या. वाटीचे व बीजांडकोशाचे रेखाटन आणि तारीख, एवढे वहीत असले की प्रजाती ठरवण्याचे काम तज्ज्ञाकडे सोपवता येते.