विशेषनामाचे अनेकवचन : 'डॉट्री' या रॉक बँडची वाटचाल

रॉक संगीताच्या समीक्षेत 'बँड' हा शब्द केवळ संख्या सांगत नाही, तो मूल्यही सांगतो. चारपाच समवयस्क वादकांनी एकत्र यावे, लहान जागांतून वर्षानुवर्षे वाजवावे आणि आपला ध्वनी आपणच घडवावा, अशी एक अपेक्षा त्या शब्दामागे उभी असते. दूरचित्रवाणीवरील गायनस्पर्धेतून पुढे आलेला गायक या अपेक्षेत बसत नाही. त्यामुळे अशा गायकाने बँड उभारला की त्याच्या कृतीवर कृत्रिमतेचा आरोप होतो. या आरोपात दोन भिन्न प्रश्नांची गल्लत झालेली असते : एक कृतीच्या उत्पत्तीचा, दुसरा तिच्या गुणवत्तेचा. 'डॉट्री' या अमेरिकन बँडच्या वाटचालीवरून हे दोन प्रश्न वेगळे करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

क्रिस डॉट्री याचा जन्म १९७९ साली नॉर्थ कॅरोलायना राज्यात झाला. स्पर्धेपूर्वी तो एका मोटारविक्री केंद्रात नोकरी करीत असे आणि 'ॲब्सेंट एलिमेंट' नावाच्या स्थानिक बँडमध्ये गात असे. २००६ साली 'अमेरिकन आयडॉल'च्या पाचव्या पर्वात तो चौथ्या क्रमांकावर बाद झाला. विजेतेपद टेलर हिक्स याला मिळाले. स्पर्धेत त्याने फ्युएल या बँडचे एक गीत गायले होते. पुढे त्याच बँडने त्याला मुख्य गायकाची जागा देऊ केली, ती त्याने नाकारली. आरसीए कंपनीशी करार होऊन नोव्हेंबर २००६ मध्ये 'डॉट्री' हा अल्बम प्रसिद्ध झाला. पाच आठवड्यांत त्याच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या, आणि 'बिलबोर्ड'च्या २००७ च्या वार्षिक सूचीत तो पहिल्या क्रमांकाचा अल्बम ठरला.

येथे नामकरणाचा प्रश्न उपस्थित होतो. गायनस्पर्धेचे मुख्य उत्पादन गीत नव्हे, तर नाव होय. आठवड्यामागून आठवडे मते मागितली जातात ती एका विशेषनामासाठी. साथीचे वादक आणि मूळ गीतकार पार्श्वभूमीवरच राहतात. याच साच्यातून भारतात २००४ साली 'इंडियन आयडॉल' सुरू झाले. त्याचा पहिला विजेता, मुंबईचा अभिजीत सावंत, याच्या पहिल्या संग्रहाचे नावही 'आपका अभिजीत सावंत' असेच होते. असे कमावलेले नाव सोडून देणे व्यवसायाला परवडणारे नसते. डॉट्रीने व्यक्तिनामातील आडनाव राखले व तेच समूहाला दिले. म्हणजे एकाच शब्दावर दोन कामे पडली : तो एका माणसाचे विशेषनाम झाला आणि समूहवाचक नामही झाला.

हा द्व्यर्थ व्याकरणात लपून राहतो. अमेरिकन इंग्रजीत बँडच्या नावापुढे क्रियापद बहुधा एकवचनी येते. त्यामुळे 'डॉट्री' या कर्त्यापुढील क्रियापदावरून माणूस अभिप्रेत आहे की समूह, हे कळत नाही. ब्रिटिश इंग्रजीत समूहनामापुढे अनेकवचनी क्रियापद चालते, तेथे हा भेद प्रकट होतो. मराठीत गुंता उलट बाजूने होतो. 'डॉट्री गातात' या वाक्यातील अनेकवचन खरे की आदरार्थी, हे संदर्भावाचून सांगता येणार नाही.

हा द्व्यर्थ केवळ शब्दाचा नव्हता. पहिल्या अल्बमचे ध्वनिमुद्रण मुख्यत्वे व्यावसायिक स्टुडिओ-वादकांनी केले. जॉश स्टीली, जॉश पॉल, जोई बार्न्स इत्यादी वादकांचा स्थायी संच त्यानंतर उभा राहिला. म्हणजे नाव आधी आले, नामी मागाहून. तरीही ग्रॅमी पुरस्कारांच्या २००८ मधील सोहळ्यासाठी या अल्बमला व त्यातील गीतांना जी चार नामांकने मिळाली, त्यांपैकी दोन 'द्वय अथवा समूह' यांच्या सादरीकरणासाठी राखलेल्या विभागांत होती. ध्वनिमुद्रणाच्या वेळी जो समूह अस्तित्वात नव्हता, त्याला संस्थेने समूह म्हणून मान्यता दिली.

आरोप करणाऱ्यांना हा पुरावा निर्णायक वाटेल. परंतु रॉकचा इतिहास त्यांच्या बाजूने साक्ष देत नाही. जॉन बॉन जोवी याचे 'रनअवे' हे गीत १९८२ साली स्टुडिओ-वादकांच्या साहाय्याने ध्वनिमुद्रित झाले. त्याच्या आडनावाचा बँड १९८३ साली उभा राहिला. क्रम तोच, मात्र त्यामागे दूरचित्रवाणी नव्हती. २००८ साली याच बॉन जोवीच्या कार्यक्रमांत आरंभीचे गायन डॉट्रीने केले, हा योग अर्थपूर्ण आहे. तेव्हा उत्पत्तीच्या क्रमावरून गुणवत्तेचा निवाडा करणे टिकणारे नाही.

मग दोष कोठे शोधावा? तो पदरचनेत शोधावा लागतो. पहिल्या अल्बममधील गीतांची नावेच पाहण्यासारखी आहेत : 'इट्स नॉट ओव्हर', 'होम', 'ओव्हर यू', 'गॉन', 'देअर अँड बॅक अगेन', 'फील्स लाइक टुनाइट', 'व्हॉट अबाउट नाऊ'. बारा शीर्षकांत एकही विशेषनाम नाही. हाताने दाखवता येईल अशी एकही वस्तू नाही. आहेत ते 'मी', 'तू', 'तेथे', 'आता', 'आज रात्री' या जातीचे शब्द. ऑटो येस्पर्सन याने १९२२ साली अशा शब्दांना 'शिफ्टर' म्हटले. बोलणारा आणि बोलण्याचा प्रसंग बदलला की त्यांचा निर्देश बदलतो. 'घर' हे सामान्यनाम खरे, पण कोणाचे घर हे न सांगितल्यास तेही याच पंक्तीत जाऊन बसते.

या शब्दसंपत्तीत बँडच्या यशाचे रहस्य आहे आणि मर्यादेचेही. जी जागा रिकामी आहे तिच्यात कोणताही श्रोता स्वतःला ठेवू शकतो. 'होम' हे क्रिस डॉट्रीने एकट्याने लिहिलेले गीत 'अमेरिकन आयडॉल'च्या पुढच्याच पर्वात बाद होणाऱ्या स्पर्धकांच्या निरोपासाठी वाजवले गेले. प्रत्येक आठवड्याला 'घर' वेगळे होते, गीत तेच होते. बेन मूडी आदींनी लिहिलेले 'व्हॉट अबाउट नाऊ' २००९ साली वेस्टलाइफ या आयरिश गटाने गायले, तेव्हा त्यातील एकही शब्द परका वाटण्याचे कारण नव्हते. अशा गीताला वाहक हवा असतो, कवी नव्हे. डॉट्रीचा आवाज हा समर्थ वाहक आहे : भरड, वरच्या स्वरांत ताण न लपवणारा, आणि त्यामुळेच निराकार शब्दांना देह देणारा. मोटारविक्री केंद्रात राबलेल्या माणसाचे अनुभवविश्व मात्र त्या शीर्षकांत कोठे सापडत नाही.

'लीव्ह धिस टाऊन' (२००९) या दुसऱ्या अल्बमचे ध्वनिमुद्रण बँडने एकत्रितपणे केले. तोही 'बिलबोर्ड'च्या सूचीत पहिला आला. वचन बदलले, शब्दसंपत्ती फारशी बदलली नाही. ती 'बाप्टाइज्ड' (२०१३) मध्ये बदलते. 'बॅटलशिप्स', 'ब्रोकन ॲरोज', 'वेटिंग फॉर सुपरमॅन', 'सिंड्रेला' अशी मूर्त शीर्षके येथे दिसतात, आणि 'लाँग लिव्ह रॉक अँड रोल' या गीतात तर नामवंत गायकांची व बँडांची नावेच ओवलेली आहेत. परंतु ही मूर्तता उसनी आहे. दंतकथांतील, चित्रकथांतील आणि इतर बँडांची नावे आली, गायकाच्या स्वतःच्या गावाचे व कामाचे नाव आले नाही. शिवाय याच अल्बमचा ध्वनी पॉप संगीताकडे झुकलेला असल्यामुळे रॉकची स्तुती रॉकपासून दूर जाऊन केली गेली.

२०१९ साली क्रिस डॉट्री 'द मास्क्ड सिंगर' या कार्यक्रमात कुत्र्याचा मुखवटा घालून गायला व उपविजेता ठरला. ज्याची कारकीर्द नावावर उभी राहिली, त्याला येथे नावावाचून गावे लागले, आणि आवाज ओळखू आला. 'डिअरली बिलव्हेड' (२०२१) हा अल्बम मोठ्या कंपनीऐवजी 'डॉगट्री रेकॉर्ड्स' या स्वतःच्या संस्थेतर्फे निघाला. 'डॉगट्री' आणि 'डॉट्री' यांतील ध्वनिसाम्य उघड आहे. त्यात आणि 'शॉक टू द सिस्टिम'च्या पहिल्या भागात (२०२४) गिटारचा भार पुन्हा वाढला. 'आर्टिफिशियल' या गीतात कृत्रिम बुद्धिमत्तेचा, म्हणजे एका निश्चित काळाचा, विषय आला. ज्याच्यावर कृत्रिमतेचा शिक्का मारला गेला त्यानेच हे शीर्षक निवडावे, यात नकळत का होईना उत्तर आहे.

एकंदरीत पाहता, 'गायनस्पर्धेतून आलेला' हे विशेषण या बँडच्या मूल्यमापनात निरुपयोगी ठरते. समूह नंतर घडला, पण घडला. वाद्यांच्या बाबतीत 'डॉट्री' हे नाव आज खरोखर अनेकवचनी आहे. शब्दांच्या बाबतीत ते अद्याप पुरते एकवचनीही झालेले नाही. कारण एकवचनासाठीही एक विशिष्ट माणूस, त्याचे गाव आणि त्याचा दिवस गीतात यावा लागतो. समीक्षेने हिशेब मागायचा तो याचा.