अश्वसहल आणि प्रवासवर्णन : मरुभूमीतील घोडेस्वारीच्या लेखनाची एक चिकित्सा

प्रस्तावना

प्रवासवर्णनाचा अभ्यास करताना प्रवास कोणी केला आणि कोठे केला, या दोन प्रश्नांवर समीक्षेने सातत्याने भर दिला आहे. प्रवास कशाच्या आधारे झाला, हा तिसरा प्रश्न मात्र मागे पडतो. रेल्वे, बोट किंवा विमान हे वाहन असते तेव्हा ही उणीव फारशी जाणवत नाही. वाहन जेव्हा सजीव असते, त्याला भूक, तहान आणि थकवा असतो, तेव्हा हा तिसरा प्रश्न टाळता येत नाही.

गेल्या काही दशकांत अश्वसहल हा पर्यटनाचा एक स्वतंत्र प्रकार म्हणून रुजला आहे. नामिबियातील नामिब, मंगोलियातील गोबी, जॉर्डनमधील वादी रम आणि आपल्याकडील थर या मरुप्रदेशांत पर्यटक आठ-दहा दिवस घोड्यावरून मार्गक्रमण करतात आणि परतल्यावर त्याविषयी लिहितात. या लेखनाचा एक साचा तयार झाला आहे. त्या साच्यातून काय निसटते आणि जे निसटते ते ओळखण्याची साधने मराठी परंपरेत आहेत काय, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

१. अश्वसहलीच्या लेखनाचा साचा

अशा लेखनाची मांडणी बहुधा दिवसवार असते. पहिल्या दिवशी घोड्याची ओळख, दुसऱ्या दिवशी अंगदुखी, तिसऱ्या दिवशी घोड्याशी सूर जुळणे, त्यानंतर सूर्यास्त, शेकोटी, ताऱ्यांनी भरलेले आकाश आणि अखेरीस निरोपाची हुरहूर, असा हा क्रम असतो. 'स्वातंत्र्य', 'एकांत' आणि 'निर्जन' हे शब्द त्यात वारंवार येतात. हा अनुभव खोटा आहे असे म्हणण्याचे कारण नाही. रोज सकाळी गर्दीच्या लोकलमध्ये उभ्याने प्रवास करणाऱ्या माणसाला मैलोगणिक मोकळ्या जमिनीवर घोडा दौडवताना जे वाटत असेल, ते खरेच असणार.

प्रश्न अनुभवाच्या खरेपणाचा नसून वर्णनाच्या अपुरेपणाचा आहे. श्रम करणाऱ्या घोड्याला दिवसाकाठी साधारणपणे ३० ते ४० लिटर पाणी लागते आणि कडक उन्हात त्याहूनही अधिक लागते. वाळवंटात हे पाणी आपोआप उपलब्ध होत नाही. ते गाडीवर किंवा उंटावर लादून पुढच्या मुक्कामावर आधी पोहोचवावे लागते. दाणा, वैरण, तंबू आणि नालबंदीचे सामानही तसेच पुढे जाते. ज्याला पर्यटक एकांत म्हणतो, तो असा कोणीतरी पहाटे उठून सिद्ध केलेला असतो. वर्णनात मात्र मुक्काम येतो तेव्हा पाण्याचे पिंप भरलेलेच असते. ते कोणी भरले, याचा उल्लेख नसतो.

२. ठाण्याचे बंदर आणि घोड्यामागचे हात

या विषयाचा ठाण्याशी असलेला संबंध वरवर पाहता जाणवत नाही, पण तो जुना आहे. तेराव्या शतकाच्या अखेरीचा प्रवासी मार्को पोलो याने ठाण्याच्या राज्याचे वर्णन केले आहे. तेथील राजाचा समुद्री चाच्यांशी करार होता. लुटीतील घोडे राजाचे आणि उरलेला माल चाच्यांचा, असे त्याचे स्वरूप मार्को पोलो सांगतो. राजाजवळ स्वतःचे घोडे नव्हते आणि परदेशांतून हिंदुस्थानाकडे समुद्रमार्गे मोठ्या प्रमाणावर घोडे येत असत, हे त्याचे कारण तो देतो. मरुभूमीत वाढलेला घोडा खाडीकाठच्या या प्रदेशात किती मोलाचा होता, हे यावरून ध्यानात येते.

याच प्रवाशाने पूर्व किनाऱ्यावरील माबार प्रदेशाविषयी केलेली नोंद आपल्या विवेचनाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे. तेथील राजे दरवर्षी प्रचंड किंमत मोजून घोडे विकत घेत. परंतु घोड्यांची निगा जाणणारी माणसे नसल्यामुळे त्यांतील बहुसंख्य घोडे वर्षभरात दगावत, असे तो लिहितो. घोडा विकत घेता येतो, घोड्याचे ज्ञान विकत घेता येत नाही, हा या नोंदीचा मथितार्थ होय. ते ज्ञान सांभाळणाऱ्या माणसाला मराठीत 'मोतद्दार' म्हणतात.

मराठी भाषेने हे ज्ञान शब्दांत जपून ठेवले आहे. चंदी, तोबरा, खरारा, तंग, अगाडी-पिछाडी, पागा, नालबंद हे शब्द स्वाराच्या पराक्रमाचे नसून घोड्याच्या निगराणीचे आहेत. 'मजल दरमजल' हा आपला नित्याचा वाक्प्रचारही जनावराला आणि माणसाला झेपेल एवढ्या एका दिवसाच्या चालीवर आधारलेला आहे. अश्वसहलीच्या लेखनातील अंतर स्वाराच्या उत्साहाने मोजले जाते. 'मजल' या शब्दातील अंतर पुढच्या पाणवठ्याने मोजले जाते.

३. 'निर्जन' या विशेषणाची तपासणी

थरचे वाळवंट हे जगातील सर्वांत दाट लोकवस्तीच्या वाळवंटांपैकी एक मानले जाते. त्यात ढाण्या आहेत, देवाच्या नावाने राखलेली ओरणे आहेत, पावसाचे पाणी साठवणारी टाकी आहेत. अनुपम मिश्र यांनी 'राजस्थान की रजत बूँदें' (१९९५) या हिंदी ग्रंथात तेथील अरुंद कुंई खणणाऱ्या कारागिरांचे कौशल्य विस्ताराने मांडले आहे. वाळूखाली अडलेला ओलावा थेंबाथेंबाने गोळा करणारी ही विद्या ज्या समाजाने घडवली, त्याच्या भूमीला निर्जन म्हणणे हे वर्णन नसून एक प्रकारचे विस्मरण आहे.

ऑस्ट्रेलियन लेखिका रॉबिन डेव्हिडसन यांचा अनुभव येथे उद्बोधक ठरतो. 'ट्रॅक्स' (१९८०) या पुस्तकात त्यांनी उंटांसह एकटीने केलेला ऑस्ट्रेलियातील मरुप्रवास वर्णिला. पुढे 'डेझर्ट प्लेसेस' (१९९६) मध्ये त्या आपल्याकडील रबारी पशुपालकांबरोबर हिंडल्या. पहिल्या पुस्तकातील एकांत दुसऱ्या पुस्तकात टिकत नाही. तेथे सतत माणसे आहेत. त्यामुळे लेखिकेला स्वतःच्या प्रवासी असण्याविषयीच प्रश्न पडत जातात. अश्वसहलीच्या लेखनात नेमके हे प्रश्न पडत नाहीत.

४. मराठी परंपरेतील दोन दाखले

वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली द्रव्यार्जनासाठी उत्तरेकडे निघाले आणि बंडाच्या धामधुमीत सापडले. त्यांचे 'माझा प्रवास' चिंतामण विनायक वैद्य यांनी १९०७ मध्ये प्रसिद्ध केले. दत्तो वामन पोतदार यांनी मूळ संहिता १९६६ मध्ये वाचकांसमोर आणली. गोडसे भटजी हे मुख्यत्वे पायी चालणारे प्रवासी. झाशी पडल्यानंतर काल्पीच्या वाटेवर एका विहिरीपाशी त्यांना घोड्यावरून आलेली, धुळीने माखलेली आणि तहानलेली राणी भेटते. भटजी पाणी काढून देऊ पाहतात, परंतु राणी ते स्वतःच काढून घेते. दीर्घ घोडदौडीच्या वर्णनात स्वार पाण्यासाठी स्वतः वाकतो, असा हा प्रसंग आहे. त्याचे सामर्थ्य शौर्याच्या शब्दांत नसून विहिरीवरच्या त्या कृतीत आहे. पायी चालणाऱ्याने घोडेस्वाराकडे पाहिले म्हणून तो तपशील टिकला, असे म्हणता येईल.

दुसरा दाखला ग्रंथातील नसून आचारातील आहे. ज्ञानेश्वर माउलींच्या पालखी सोहळ्यासाठी बेळगाव जिल्ह्यातील अंकलीहून शितोळे सरकारांचे दोन अश्व दरवर्षी सुमारे ३०० किलोमीटर चालत आळंदीला येतात आणि पुढे पालखीबरोबर पंढरपूरला जातात. त्यांपैकी एकावर पताका घेतलेला स्वार असतो. दुसरा माउलींचा, त्याच्या पाठीवर कोणीही बसत नाही. रिंगणात तो रिकाम्या पाठीने धावतो आणि वारकरी त्याच्या टापांखालची माती कपाळी लावतात. घोड्याबरोबर केलेल्या दीर्घ प्रवासाची ही मराठी कल्पना पर्यटनाच्या कल्पनेच्या अगदी दुसऱ्या टोकाची आहे. येथे घोडा वाहन नसून सहप्रवासी आहे, आणि त्याची निगा राखणारे त्याच्या शेजारून चालतात.

५. एका शिक्षकाचा प्रवास

पाश्चात्त्य लेखनात सारेच सहलीच्या वृत्तीचे आहे, असा समज करून घेणे अन्यायाचे होईल. अर्जेंटिनात शिक्षक असलेले मूळचे स्वित्झर्लंडचे एमे चिफेली १९२५ मध्ये ब्युनोस आयरिसहून निघाले आणि पेरूच्या किनारी वाळवंटासह सुमारे १६,००० किलोमीटरचा पल्ला ओलांडून १९२८ मध्ये अमेरिकेत पोहोचले. मांचा आणि गातो हे त्यांचे दोन क्रिओयो जातीचे घोडे तरुणही नव्हते. स्वतःचे प्रवासवर्णन लिहून झाल्यावर चिफेली यांनी तोच प्रवास घोड्यांच्या दृष्टीने सांगणारे दुसरे पुस्तक लिहिले (१९३४). एका पुस्तकात हा प्रवास मावत नाही, त्याला दुसरा निवेदक हवा, ही जाणीव वाङ्मयीन दृष्ट्या मोलाची आहे.

६. माथेरानचा निबंध

हा विषय प्रस्तुत लेखिकेला सुचला तो वर्गातील एका अनुभवातून. ठाण्याचे जिल्हाधिकारी ह्यू मॅलेट यांनी १८५० मध्ये शोधलेले माथेरान आमच्या विद्यार्थ्यांना जवळचे आहे. कल्याणहून नेरळ आणि तेथून दस्तुरी नाका. मोटारगाड्या तेथे थांबतात आणि पुढे चालत, हातरिक्षाने किंवा घोड्यावरून जावे लागे. २०२२ च्या डिसेंबरात ई-रिक्षांचा प्रयोगही सुरू झाला. सहलीनंतर विद्यार्थ्यांना प्रवासवर्णन लिहावयास सांगितले. बहुतेक निबंधांत घोडा होता, धुके होते, दरी होती, 'मी राजासारखा वाटलो' असे वाक्यही होते. लगाम धरून तांबड्या मातीतून चढ चढणारा माणूस मात्र नव्हता. एका विद्यार्थिनीने तेवढे लिहिले होते की, एका वळणावर घोडा बिचकला, तेव्हा घोडेवाल्या काकांनी आधी घोड्याच्या मानेवर हात ठेवला आणि मग तिला घाबरू नको म्हणून सांगितले. वर्गात वाचून दाखवण्यासाठी तोच निबंध निवडला गेला.

विद्यार्थ्यांना दोष देण्याचे कारण नाही. त्यांनी जे वाचले त्याच साच्यात ते लिहिले. तो साचा आपण, म्हणजे अध्यापकांनी आणि समीक्षकांनी, तपासून पाहिला नाही, ही खरी अडचण आहे. अडीच किलोमीटरच्या वाटेवर जो माणूस दिसत नाही, तो अडीचशे किलोमीटरच्या वाळवंटात दिसेल अशी अपेक्षा कशी करावी?

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात.

१) मरुभूमीतील अश्वसहलीचे लेखन स्वाराच्या अनुभूतीला केंद्रस्थानी ठेवते, पाणी, चंदी आणि निगराणी यांमागील श्रम त्यात अदृश्य राहतात.

२) 'निर्जन' हे विशेषण थरसारख्या प्रदेशाच्या संदर्भात वस्तुस्थितीला धरून नाही.

३) मराठीतील अश्वविषयक शब्दसंपदा, 'माझा प्रवास' मधील विहिरीचा प्रसंग आणि वारीतील रिकाम्या पाठीचा अश्व यांतून वेगळी दृष्टी उपलब्ध होते. तीत घोडा, त्याचा मोतद्दार आणि पाणवठा हे प्रवासाचे घटक ठरतात.

४) प्रवासवर्णनाच्या अध्यापनात 'पाणी कोणी पाजले?' हा साधा प्रश्न निकष म्हणून वापरता येईल. त्यासाठी वाळवंटापर्यंत जाण्याची गरज नाही. दस्तुरी नाक्यापासून आरंभ करता येतो.