‘गुन्हेगार’ हे नाम : क्लॅरन्स डॅरो यांच्या वकिलीविषयक लेखनाचा विचार

वकिलांनी आपल्या व्यवसायाविषयी लिहिलेल्या ग्रंथांत बहुधा दोन गोष्टी सापडतात : जिंकलेल्या खटल्यांच्या हकीकती आणि न्यायाधीशांचे किस्से. अमेरिकन फौजदारी वकील क्लॅरन्स डॅरो (१८५७–१९३८) यांच्या लेखनात या दोहोंची वाण नाही. तथापि भाषेच्या अभ्यासकाने त्याकडे वळावे याचे कारण निराळे आहे. डॅरो कायद्याच्या विचाराला शब्दांपासून आरंभ करतात. गुन्ह्याची कारणे व उपचार या विषयावर १९२२ साली त्यांनी जे पुस्तक प्रसिद्ध केले, त्याचे पहिले प्रकरण ‘गुन्हा’ आणि ‘गुन्हेगार’ या शब्दांच्या अर्थनिश्चयानेच सुरू होते. देशाच्या कायद्याने मना केलेले आणि शिक्षेस पात्र ठरविलेले कृत्य एवढाच ‘गुन्हा’ या शब्दाचा नेमका अर्थ. ते कृत्य चांगले की वाईट हे त्या शब्दावरून ठरत नाही, असे त्यांचे प्रतिपादन आहे.

मराठीत हा भेद राखणे अधिकच कठीण. आपला ‘गुन्हा’ फारसीतील ‘गुनाह’ या शब्दावरून आला, आणि तेथे त्याचा अर्थ पाप असाही होतो. पोलीस ठाण्याच्या नोंदवहीत शिरल्यावरही त्याचा तो वास गेलेला नाही. त्या मानाने संस्कृत ‘अपराध’ सौम्य. त्याच्या मुळाशी नेम चुकण्याची कल्पना आहे. परंतु खरी अडचण ‘गुन्हा’ या शब्दात नसून ‘गुन्हेगार’ या साधित नामात आहे. ‘गार’ हा प्रत्यय कृत्य उचलून कर्त्याच्या अंगाला चिकटवितो. एक वेळचे वर्तन हा त्या माणसाचा प्रकार होऊन बसतो. आपल्याकडे १८७१ च्या कायद्याने तर हे नाव सबंध जमातींस जन्मतः लावले. सोलापूरच्या वसाहतीतील तारेचे कुंपण हा त्या नामकरणाचाच परिणाम होता. १९५२ साली तो कायदा रद्द झाला व त्या लोकांस ‘विमुक्त’ म्हणू लागले; जुने नाव मात्र लोकांच्या बोलण्यातून अद्याप पुरते गेलेले नाही. डॅरो यांस ही हकीकत ठाऊक असण्याचे कारण नाही. पण त्यांच्या विवेचनास इतके समर्पक उदाहरण क्वचितच मिळेल.

१९०२ साली शिकागोच्या तुरुंगात कैद्यांसमोर केलेल्या भाषणात त्यांनी हाच विचार फार पुढे नेला. तुरुंगातील आणि बाहेरील माणसांत नैतिक भेद नाही, असे त्यांनी कैद्यांनाच सांगितले. हे सत्य असले तरी कैद्यांपुढे बोलावयाचे नव्हते, असा आक्षेप आला. तेव्हा डॅरो यांनी ते भाषण चांगल्या कागदावर, थोड्या महाग स्वरूपात छापून घेतले, म्हणजे ते भलत्यांच्या हाती पडावयास नको. हा विनोद मार्मिक आहे. भाषण मात्र एकांगी आहे. दरोड्यात ज्याचा भाऊ मारला गेला त्याला त्यात जागाच नाही.

१९२४ च्या लिओपोल्ड–लोब खटल्यात या भूमिकेची कसोटी लागली. आरोपी अनुक्रमे १९ व १८ वर्षांचे, श्रीमंत घरचे, आणि खून निर्विवाद. डॅरो यांनी आरोप कबूल करवून खटला ज्यूरीपुढे जाऊच दिला नाही. कारण फाशीची जबाबदारी बारा जणांत वाटली गेली की हलकी होते, एका न्यायाधीशास ती एकट्याने वाहावी लागते. तीन दिवस चाललेल्या त्यांच्या भाषणाचा बराच भाग मनुष्याचे वर्तन त्याच्या कारणांनी बांधलेले असते, या सिद्धान्ताला वाहिलेला आहे. फाशी टळली. परंतु न्यायाधीश कॅव्हर्ली यांनी निर्णयाचा आधार म्हणून सांगितले ते आरोपींचे वय. मनोविश्लेषणाचा आपल्या निर्णयावर परिणाम झालेला नाही असे त्यांनी स्पष्ट केले. डॅरो यांचे चाहते ही गोष्ट सहसा सांगत नाहीत.

याहून गंभीर आक्षेप त्यांच्या १९३६ च्या लेखावर घ्यावा लागतो. बचावाच्या वकिलाने ज्यूरी कशी निवडावी याविषयीचा हा लेख ‘एस्क्वायर’ मासिकात आला. आयरिश मनुष्य अवश्य ठेवावा, प्रेस्बिटेरियन टाळावा, बॅप्टिस्ट त्याहून निरुपयोगी, हसणारा मनुष्य चांगला, स्त्रियांविषयी सावध असावे, असा सल्ला ते देतात. लेख वाचनीय आहे, आणि प्रस्तुत लेखकही वाचताना हसला. पण ज्याने ‘गुन्हेगार’ हे नाम माणसावरून सोलून काढण्यात आयुष्य वेचले, तोच येथे प्रत्येक ज्यूररला एकेक नाम चिकटवून मोकळा होतो. प्रत्यय बदलला, व्यापार तोच. धंद्याची गरज म्हणून हे सोडून द्यावे काय? डॅरो यांचाच अनुभव आड येतो. डेट्रॉइटमध्ये १९२५ साली डॉ. स्वीट या नीग्रो डॉक्टरच्या नव्या घरापुढे गोरे लोक जमले, घरातून गोळी सुटली, एक गोरा मनुष्य मेला. पहिल्या ज्यूरीचे एकमत झाले नाही. १९२६ साली दुसऱ्या ज्यूरीने हेन्री स्वीट यास निर्दोष सोडले. हे बाराही जण गोरे होते. नावावरून माणूस ओळखावयाचा तर निकाल उलट लागावयास हवा होता. शिवाय याच खटल्यात डॅरो यांचा कान किती तीक्ष्ण होता तेही दिसते : घराबाहेर किती माणसे होती हे सांगताना एका साक्षीदाराच्या तोंडून आधी फार मोठी गर्दी, मग नुसती मोठी गर्दी, आणि अखेर थोडी माणसे असे शब्द निघाले. ही ओसरती गर्दी डॅरो यांनी उलटतपासणीत बरोबर पकडली.

ज्यूरर वगळताना वंशाचा आधार घेण्यास तेथील सर्वोच्च न्यायालयाने सरकारी वकिलास १९८६ मध्ये, बचावाच्या वकिलास १९९२ मध्ये मनाई केली. लिंगभेदाचा आधार १९९४ मध्ये गेला. तेव्हा डॅरो यांच्या यादीचा काही भाग आज वापरताच येणार नाही.

त्यांचे तुरुंगातील भाषण आणि हा लेख मराठीत एकत्र यावेत असे वाटते. भाषांतरकाराची अडचण मात्र उघड आहे. ‘गुन्हा केलेला मनुष्य’ असे लिहिले तर डॅरो ज्या शब्दाशी झगडत आहेत तोच नाहीसा होतो. ‘गुन्हेगार’ लिहिले तर मूळ शब्दात नसलेले पाप वाक्यात येते. प्रस्तुत लेखकाने भाषणाची पहिली दोन पृष्ठे दोन्ही रीतींनी करून पाहिली आणि ‘गुन्हेगार’च ठेवला.