काशीच्या वाटेने अमूर्ताकडे

अमूर्त चित्रकलेची एक वंशावळ आपल्याला पाठ झाली आहे. सेझानने निसर्गाच्या मुळाशी असलेले आकार शोधले, पिकासो आणि ब्राक यांच्या घनवादाने वस्तू फोडली, मातीस आणि त्याच्या सोबत्यांनी रंगाला वस्तूच्या ताब्यातून सोडवले आणि मग कांडिन्स्की, मालेविच, मोंद्रियान यांनी वस्तूलाच चित्राबाहेर काढले. यात खोटे काही नाही. पण आपल्याकडे या चळवळी अशा ओळीने आल्याच नाहीत. १९२२ साली कोलकात्यात बाउहाउसच्या प्रदर्शनात क्ली आणि कांडिन्स्कीची चित्रे लागली, तेव्हा मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत ग्लॅडस्टन सॉलोमन यांच्या हाताखाली विद्यार्थी मानवाकृतीचा हुबेहूब अभ्यास करत होते. स्वातंत्र्यानंतरच्या पिढीपुढे सगळेच एकदम येऊन पडले. त्यातले काय उचलायचे आणि कशासाठी, हे ज्याचे त्याला ठरवावे लागले. त्यातल्या दोन चित्रकारांच्या बाबतीत तो निर्णय बनारसमध्ये पिकला, असे मला वाटते.

पहिले रामकुमार. १९५०च्या दशकाच्या आरंभी ते पॅरिसला आंद्रे लोत आणि फर्नां लेजे यांच्याकडे शिकले. लोत घनवादी खरे, पण ओळखू येणारा विषय त्यांनी कधी सोडला नाही. शिष्यही परतल्यावर माणसेच रंगवत राहिला: शहरातली, नोकरी शोधणारी, उतरल्या चेहऱ्याची. १९६०च्या सुमारास हुसेन यांच्यासोबत ते बनारसला गेले आणि चित्रांतून माणूस नाहीसा झाला. देशातल्या सर्वांत गजबजलेल्या घाटांवर या चित्रकाराला एकही आकृती काढावीशी वाटली नाही! एकमेकांवर रेललेली घरे, पायऱ्या, काळ्या जाड रेषा, राखाडी आणि मातकट रंग एवढेच उरले. पॅरिसमध्ये शिकलेली घनवादी रचना इथे पहिल्यांदा कारणी लागली, कारण नदीकडे उतरत जाणारे ते शहर मुळातच पातळ्यांनी बांधलेले आहे. दशक सरताना घरांच्या कडाही विरघळल्या आणि रंगांचे मोठे, तिरके पट्टे राहिले. माणसांच्या चेहऱ्यांवरचे दुःख त्यांनी टाकून दिले नाही. ते भिंतींत आणि पाण्यात मुरले.

दुसरे आपले प्रभाकर बरवे, नागावचे. १९५९ साली जे. जे.तून बाहेर पडून ते विणकर सेवा केंद्रात लागले आणि १९६१ पासून काही वर्षे बनारसच्या केंद्रात होते. क्लीचा ठसा त्यांच्यावर आधीच होता. बनारसमध्ये तंत्रसाधनेतली यंत्रे, वर्तुळ-त्रिकोणांची सममिती आणि भडक, सपाट रंग भेटले. अजित मुखर्जींचे तंत्रकलेवरचे गाजलेले पुस्तक १९६७चे. बरवे त्याआधीच त्या वाटेवर होते. शिवाय रोजचे काम विणकामाच्या नक्षीचे. चौकटीच्या कागदावर प्रत्येक घर मोजून आकार बसवायचा, रिकाम्या घरालाही भरलेल्या घराइतकेच वजन द्यायचे. त्यांच्या पुढच्या चित्रांतली मोकळी जागा मला या शिस्तीशी जोडलेली दिसते.

मात्र बरवे तंत्रात अडकले नाहीत. १९७०च्या दशकात त्यांनी घड्याळ, पान, शंख, ढग अशा वस्तू परत आणल्या आणि एनॅमल रंगांत एकमेकींपासून दूर ठेवल्या. वंशावळीच्या हिशेबाने ही माघार ठरेल. माझ्या लेखी ही त्यांची सर्वांत धीट चाल आहे. चित्रकार गायतोंडे लघुचित्रे आणि क्लीकडून निघून निव्वळ रंगाच्या थरांपर्यंत गेले. बरवे भूमितीतून निघून वस्तूपाशी आले, पण ती वस्तू आता कशाचेच वर्णन करत नव्हती.

एवढे असूनही बरव्यांची बनारसची वर्षे आपल्या समीक्षेत परिचयाच्या दोन ओळींत उरकली जातात. ‘तंत्राचा प्रभाव’ म्हटले की काम संपले! १९९० साली आलेले त्यांचे ‘कोरा कॅनव्हास’ चित्राच्या अवकाशाबद्दल मराठीत इतके नेमके बोलते, तरी त्या भाषेत पुढचे लिखाण फारसे झाले नाही. रामकुमारांचे घाट आणि बरव्यांची त्या काळातली चित्रे एका दालनात शेजारी शेजारी लावावीत, जवळ एखादा बनारसी नक्षीचा चौकटींचा कागदही ठेवावा, आणि मग त्यावर मराठीत सविस्तर लिहिले जावे.