पहिल्या हजार ओळी आणि पीजीअ‍ॅडमिनचा वेग

समजा, सोलापूर जिल्ह्यातल्या ११ तालुक्यांच्या पावसाच्या दर तासाच्या, १० वर्षांच्या नोंदी तुमच्या पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये आहेत. म्हणजे सुमारे ९ लाख ६४ हजार ओळी. तुम्ही पीजीअ‍ॅडमिनमध्ये क्वेरी चालवता, चक्र फिरत राहतं आणि तुम्ही म्हणता, 'डेटाबेस स्लो आहे.' पण बऱ्याचदा दोष डेटाबेसचा नसतोच. उत्तर तयार होणं, ते तुमच्या कॉम्प्युटरवर येणं आणि पडद्यावर तक्ता उमटणं, ही तीन वेगळी कामं आहेत.

२०१६ मध्ये आलेलं पीजीअ‍ॅडमिन ४ पायथन आणि जावास्क्रिप्टमध्ये नव्याने लिहिलेलं आहे. ईडीबी कंपनीच्या पुण्यातल्या अभियंत्यांचा त्यात मोठा वाटा आहे. सुरुवातीला मोठे निकाल दाखवताना ते रेंगाळायचं, ही तक्रार रास्तच होती. त्यावरचा उपाय असा, की पडद्यावर एका वेळी हजार ओळीच आणायच्या आणि तुम्ही पुढे जाल तशा पुढच्या हजार. उपाय शहाणपणाचा आहे. लाखो ओळी डोळ्यांनी कोण वाचतो?

पण यात सुटतं ते तिसरं काम. नेहमीच्या पद्धतीत सगळा निकाल आधी पीजीअ‍ॅडमिनच्या मेमरीत येतो, तुकडे त्यानंतर पडतात. म्हणून पहिली ओळ दिसेपर्यंतची वाट तशीच राहते. अलीकडे आलेला सर्व्हर कर्सरचा पर्याय नेमका इथे कामाला येतो: निकाल डेटाबेसकडेच राहतो, हवा तेवढाच येतो. मात्र एकूण ओळी किती, हे शेवटपर्यंत कळत नाही.

मायएसक्यूएल वर्कबेंचचा मार्ग मला जास्त खटकतो. तुम्ही सेटिंग बदललं नसेल तर ते क्वेरीलाच हजार ओळींची मर्यादा लावतं. वेग मिळतो, पण उत्तरच बदलतं! वरच्या नोंदी तालुका आणि वेळ या क्रमाने लावल्या, तर पहिल्या हजार ओळी म्हणजे एकट्या अक्कलकोटचे जेमतेम ४२ दिवस. नोंदी १ जानेवारीला सुरू होत असतील तर फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यातच सगळं संपतं. पावसाळा उजाडतच नाही. उजनी धरण ज्या माढा तालुक्यात आहे, त्याची एकही ओळ त्यात नसते. क्रम सांगितलाच नाही, तर कुठल्या हजार ओळी येतील याची हमीच नाही. हाच तक्ता कुणी एक्सेलमध्ये चिकटवून सरासरी काढली, तर प्रबंधातला आकडा चुकला, आणि पडद्यावर कुठलीही एरर नाही.

म्हणून काही सवयी आत्ताच लावून घ्या. आधी काउंटने ओळी मोजा. तालुकावार बेरीज, सरासरी डेटाबेसलाच काढू द्या. ११ ओळींचा निकाल लगेच उमटतो. सगळा डेटा हवाच असेल तर कॉपी आज्ञेने थेट फाइलमध्ये घ्या. आणि वेळ मोजताना एक्सप्लेन अ‍ॅनलाइझ वापरा. त्यात क्वेरी खरोखर चालते, पण निकालाच्या ओळी तुमच्याकडे पाठवल्या जात नाहीत. तिथे २ सेकंद आणि पडद्यावर ४० लागत असतील, तर इंडेक्स वाढवून फारसा उपयोग नाही.

पीजीअ‍ॅडमिनचा उपाय अर्धा आहे, पण प्रामाणिक आहे, कारण तो फक्त दाखवणं कमी करतो. एखादं टूल वेगवान वाटलं, की ते लवकर देतंय की कमी देतंय, एवढं तपासा.