वशिल्याची कमान

मी कॉमर्सचा पदवीधर. चित्रकलेशी संबंध वाण्याच्या कॅलेंडरापुरता. तरीही युबेर रोबेर या फ्रेंच चित्रकाराची ‘रोमच्या सांजवेळा’ ही पडक्या अवशेषांची दहा चित्रं मी महिनाभर पाहतोय. (पुस्तक लायब्ररीचं आहे, दंड चढतोय.)

काम १७६३-६४ सालचं. तांब्याच्या पत्र्यावर मेणकट थर द्यायचा, सुईनं रेघा ओढायच्या, पत्रा आम्लात सोडायचा. आम्ल नेमक्या रेघा खातं. मग त्यांत शाई भरून छाप काढायचे. तेवढ्या वेळात आमचा काउंटर एखादा चेक वटवतो.

रोबेर मूळचाच वशिल्याचा. वडील एका उमरावाच्या पदरी. त्या उमरावाचा मुलगा १७५४ साली राजदूत म्हणून रोमला निघाला, तेव्हा त्याच्या लवाजम्यात एकवीस वर्षांचा रोबेरही गेला. राहिला अकरा वर्षं. आता ही चित्रं अर्पण कुणाला? मार्गरीत ल कोंत या बाईंना. बाई कोण? रोमला आलेल्या वातले नावाच्या धनिकाची मैत्रीण. आणि वातले? राजाचा बडा वसुली अधिकारी, शिवाय पॅरिसच्या कला अकादमीचा मानद सभासद! म्हणजे अर्ज बाईंच्या नावे, पण पोचायचा साहेबांच्या टेबलावर. १७६६ साली रोबेर अकादमीत गेला. तो अर्पणपत्रिकेमुळेच, असं मी म्हणणार नाही. त्याचा हात खरोखरच चांगला होता.

हसू नका. माझं पहिलं पुस्तक मीही आमच्या एका साहेबांना अर्पण केलं होतं. डोळा बदलीवर होता. पुस्तक आलं त्याच आठवड्यात बदली झाली. साहेबांची.

तेव्हा ही चित्रं मी समव्यवसायी म्हणून पाहायला बसलो आणि फसलो. अर्पणपत्रिकेत माणूस वाकला असेल, पण सुई वाकलेली नाही. त्याच काळात रोममध्ये पिरानेसी हा इटालियन असलेच अवशेष कोरत होता. त्याचे अवशेष अंगावर येतात. माणूस दबून जातो. रोबेरची चित्रं पोस्टकार्डाएवढी, रेघ हलकी, गप्पा मारल्यासारखी. कुणा सम्राटानं नाव राहावं म्हणून बांधावी तशी कमान, तिच्या सांध्यांतून झुडपं, आणि खाली नखाएवढी माणसं आपापल्या कामात. सम्राटाचं त्यांना सोयरसुतक नाही. ज्याच्याकडे आश्रय मागायचा, त्याच्याच गोटात बड्या लोकांचं शेवटी काय होतं याची दहा चित्रं धाडायची! याला मी कला म्हणतो. बाकीचा नुसता अर्ज.

पुढं राज्यक्रांती झाली, १७८९ साली. राजा गेला, वसुली गेली, १७९३ मध्ये खुद्द रोबेर तुरुंगात गेला. सुटला, पुन्हा चित्रं काढू लागला. आणि मार्गरीतबाई माझ्यापर्यंत पोचल्या त्या या मालिकेच्या पहिल्या पानावरून. आश्रय कुणी कुणाला दिला, हा हिशेब मला अजून जुळत नाही.

माझ्या पुस्तकाच्या उरलेल्या प्रती माळ्यावर आहेत. परवा काढून पाहिल्या. वाळवी लागली आहे. सुरुवात अर्पणपत्रिकेपासूनच केलीय.