‘अनलोड’ या संज्ञेचा अर्थविचार

जावास्क्रिप्टमधील ‘अनलोड’ या घटनेचा अर्थ ‘ब्राउझरची खिडकी बंद झाली’ असा लावण्याचा प्रघात आहे. तो शब्दार्थाला धरून नाही, वस्तुस्थितीलाही नाही. ही संज्ञा केवळ पृष्ठाचे निर्गमन सांगते. खिडकी बंद झाली, तेच पृष्ठ पुन्हा मागविले, किंवा वाचक दुव्यावरून अन्यत्र गेला, तरी घटना तीच. प्रस्थान आणि अंत यांत ती भेद करीत नाही. ‘बिफोरअनलोड’ने फार तर जाणाऱ्यास क्षणभर थांबवून विचारता येते, तेथील स्वरचित संदेशही क्रोमने २०१६ मध्ये अमान्य केले. निरोपाच्या क्षणी सर्व्हरच्या उत्तरासाठी खोळंबून राहण्याची मुभा त्याने २०२० मध्ये काढून घेतली. उत्तराची वाट न पाहता मजकूर धाडणारे ‘सेंडबीकन’ हा उचित पर्याय होय. परंतु मोबाइलवर ‘अनलोड’ घडेलच, याची शाश्वती नाही. पृष्ठ दृष्टीआड होताना घडणारी ‘व्हिजिबिलिटीचेंज’ हीच त्यातल्या त्यात विश्वसनीय अखेरची खूण. सारांश, वाचकाने लिहिलेला मजकूर अंतिम क्षणाच्या भरवशावर ठेवणे म्हणजे तो गमावण्याची सिद्धता करणे होय. तो लिहिला जात असतानाच जतन केला पाहिजे.